आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: बुद्धिबळाच्या नव्या नियमांविषयी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी मुलांची बुद्धिबळ स्पर्धा होते. यंदा त्या स्पर्धेच्या नियमांवरून जो वाद पेटला तो अजून शमलेला नाही. एका बाजूचे म्हणणे असे की, शिकवणी लावलेली मुले पहिल्या बारा-पंधरा चाली पाठ करून येतात, न लावलेली मुले तिथेच गारद होतात, म्हणून यापुढे स्पर्धा मागच्या रांगेतील मोहरे दर डावाला वेगळे मांडण्याच्या 'चेस ९६०' या नव्या पद्धतीनेच घ्यावी. दुसऱ्या बाजूला हे ऐकूनच संताप येतो. बुद्धिबळ ही आपल्या पूर्वजांची देणगी आहे आणि तिच्या नियमांना हात लावणे म्हणजे ती भ्रष्ट करणे, असे तिचे म्हणणे. दोन्ही बाजूंनी आवाज भरपूर चढले, मुद्दा मात्र कोणीच नीट धरला नाही. माझे मत आरंभीच सांगतो. मूळ स्पर्धा आहे त्याच नियमांनी राहावी. डाव संपल्यावर दोन्ही खेळाडूंनी संगणकाला हात न लावता त्याचे विश्लेषण करणे हा स्पर्धेचाच भाग व्हावा. आणि नवे नियम, नवे खेळ रचणे मुलांना अवश्य शिकवावे, पण जुन्या खेळाचे औषध म्हणून नव्हे, तर त्या विश्लेषणाचीच पुढची पायरी म्हणून. दुखणे आपल्या विश्लेषणाच्या सवयीत आहे आणि उपचार पटावर चालला आहे, हे दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटले आहे.

परंपरेचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. ज्या खेळाला पूर्वजांची देणगी म्हटले जाते तो आज आपण खेळतो त्या स्वरूपात पूर्वजांनी खेळलेलाच नाही. या खेळाचे जुने रूप असलेल्या शतरंजमधला वजीर तिरपे एकच घर जाई; त्याला आजची पल्लेदार ताकद मिळाली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस, युरोपात. आपल्याकडे तर प्रांतोप्रांती नियम वेगळे होते. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, किल्लेकोटाऐवजी (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेण्याऐवजी) राजाला एकदा घोड्याची उडी मारण्याची मुभा असे, आणि शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या रांगेत असेल तोच मोहरा बने. मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नीळकंठभट्टांनी सतराव्या शतकात नीतिमयूखात या खेळाचे वर्णन केले. धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पंडितालाही ज्या खेळाची दखल घ्यावीशी वाटली, त्याचे नियम पुढे आपणच सोडून दिले आणि युरोपीय नियम घेतले. तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. मग 'नियम बदलले की खेळ भ्रष्ट होतो' या सूत्राने आपण आज जो खेळतो त्या खेळालाच काय म्हणायचे?

पंजाबातून आलेल्या मीर सुलतान खानाचे उदाहरण याहून बोलके आहे. तो भारतीय पद्धतीत वाढलेला. युरोपीय नियम त्याने मोठेपणी शिकले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चालींचे, ग्रंथज्ञान त्याच्याकडे जेमतेम होते आणि डावाच्या आरंभी तो अनेकदा अडचणीत येई. मध्य आणि अंत त्याने सांभाळले. एका नियमावलीतून दुसरीत जाताना ज्याचे कौशल्य टिकले, त्याचे ते कौशल्य नियम आणि पाठांतर यांच्या पलीकडचे होते, हे उघड आहे. ही गोष्ट परंपरावाद्यांना गैरसोयीची आहेच. पाठांतराने खेळ मेला असे म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षालाही ती तितकीच गैरसोयीची आहे.

आता त्या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्यासारखे अजिबात नाही. माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ साली ब्युनोस आयर्समध्ये ही पद्धत मांडली. मागच्या रांगेतील मोहरे चिठ्ठी टाकल्यासारखे मांडायचे, मात्र दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत असावेत, राजा दोन हत्तींच्या मध्ये असावा, आणि दोन्ही बाजूंची मांडणी समोरासमोर सारखी असावी. अशा मांडण्या बरोबर ९६० होतात. नाव त्यावरूनच पडले. पाठ केलेले सारे पहिल्या चालीपासून निरुपयोगी ठरावे हा त्यामागचा हेतू, आणि तो साधतो यात वाद नाही. २०१९ साली या प्रकाराच्या पहिल्या अधिकृत विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात वेस्ली सोने मॅग्नस कार्लसनचा एकतर्फी पराभव केला, तेव्हा जुन्या पटावरची उतरंड नव्या पटावर तशीच लागू होत नाही हेही दिसले. जुन्या पद्धतीविरुद्धचा पुरावाही ठसठशीत आहे. २०१८ साली लंडनला कार्लसन आणि कारुआना यांच्यात विश्वविजेतेपदाचे बारा डाव झाले आणि बाराच्या बारा बरोबरीत सुटले. निकाल लावण्यासाठी जलद डावांचा आधार घ्यावा लागला. जगज्जेतेपदाची लढत अशी होत असेल तर काहीतरी अडले आहे, असे म्हणणाऱ्याला वेडा ठरवता येत नाही. पैशाचा मुद्दाही खरा आहे. चाली सुचवणारे ताकदवान संगणक-इंजिन फुकट मिळते, पण त्यातून निवडून, रचून तयार केलेली ओपनिंगची शिदोरी विकत घ्यावी लागते, आणि ती प्रत्येक घराला परवडत नाही.

एवढे मान्य केल्यावरही यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. खेळ बरोबरीने मरणार ही भविष्यवाणी जवळजवळ शंभर वर्षे जुनी आहे. १९२० च्या दशकात कापाब्लांकाला हीच धास्ती वाटली आणि त्याने ऐंशी घरांचा पट व दोन नवे मोहरे सुचवले: एक हत्ती आणि घोडा यांच्या चाली एकत्र करणारा, दुसरा उंट आणि घोडा यांच्या. गंमत अशी की १९२७ साली, त्याच ब्युनोस आयर्स शहरात, चौतीस डावांपैकी पंचवीस बरोबरीत सुटूनही त्या 'संपलेल्या' खेळात तो अलेखाइनकडून हरला आणि जगज्जेतेपद गमावून बसला. जो खेळ संपत आला असे त्याला वाटत होते, त्यात नंतर मिखाइल तालसारखा जगज्जेता झाला, स्वतः फिशर झाला, कास्पारोव्ह झाला. त्याचा ऐंशी घरांचा पट मात्र आज हौशी लोकांच्या संग्रहात आहे. आणि संगणक सर्वांच्या खिशात आल्यानंतरचे काय? २०२३ च्या विश्वविजेतेपदाच्या चौदा मुख्य डावांपैकी सहा निकाली ठरले, २०२४ च्या चौदांपैकी पाच. २०१८ चा सामना हा अपवाद होता की नियम, हे ठरवण्यापूर्वी पुढचे सामने पाहण्याची तसदी घ्यायला हवी होती.

गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांच्यातल्या त्या २०२४ च्या सामन्याचा शेवटचा, चौदावा डाव जरा जवळून पाहू. वजीर केव्हाच पटावरून गेले होते. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी उरली होती. काळ्या बाजूने खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, पण डाव बरोबरीकडे झुकलेला होता. पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ या घरात आणून हत्तींची मारामारी देऊ केली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात बसलेला होता. हत्ती मारले गेल्यावर गुकेशने आपला उंट डी५ वर, डिंगच्या उंटाच्याच तिरप्या रेषेवर आणला. आता तो पांढरा उंट निसटणार कुठे? उंटही मारले गेले, राजा आणि प्यादी एवढेच उरले, आणि एका जादा प्याद्याने जगज्जेतेपद अठरा वर्षांच्या मुलाकडे आले. या शेवटाचा ओपनिंगशी काय संबंध होता? जगातल्या सर्वोच्च पातळीवर, दोन्ही बाजूंनी संगणकाची महिनोन्‌महिने तयारी झालेली असताना, निकाल लागला तो 'ही मारामारी केली तर मागे काय उरेल' या जुन्याच प्रश्नावर. मग आपल्या मंडळात बारा वर्षांची मुले पाठ केलेल्या चालींमुळे हरतात, हे कशावरून? या मुलांच्या डावांचे कागद काढून पाहावेत. पंधराव्या चालीपर्यंत बहुतेक डाव बरोबरीतच असतात. विसाव्याला एखादा घोडा फुकट जातो आणि तिसाव्याला दुसऱ्या बाजूचा हत्ती. मोहऱ्यांची मांडणी बदलून हे थांबणार नाही. उलट अनोळखी मांडणीत मोहरे आठव्या चालीलाच फुकट जातील, आणि ज्याची शिकवणी चांगली तोच तिथेही जिंकेल, कारण शिकवणीने त्याला फुकटचा मोहरा ओळखायलाही शिकवलेले असते.

ज्ञान सर्वांच्या हाती आले की कला मरते, ही भीती ग्वाल्हेरकरांनी तरी बाळगू नये. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ यांनी बडे महंमदखाँची गायकी पडद्याआड बसून ऐकली आणि आत्मसात केली, ही आख्यायिका इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खरी असो वा रचलेली, बंदिशी आणि ताना त्या काळी किती जिवापाड लपवल्या जात हे तिच्यावरून कळते. पुढे भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत बसवल्या, छापल्या, आणि १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने याच शहरात संगीताचे विद्यालय सुरू झाले. उस्तादांच्या पेटाऱ्यातली चीज बाजारात आली, आता गाण्यात उरले काय, असे म्हणणारे तेव्हाही होतेच. काय उरले ते आपण ऐकतो आहोत. बंदिश जवळ असण्याचे मोल घटले, ती मांडण्याचे वाढले. आणि एकच बंदिश शंभर जणांना ठाऊक असल्यामुळे कोणी कुठे काय वेगळे केले हे श्रोत्याला कळू लागले. ओपनिंगच्या बाबतीतही असेच घडते आहे. मात्र छापलेली बंदिश वाचता आली म्हणजे गाणे आले असे समजणारा विद्यार्थी जिथे पोहोचतो, तिथेच आपली मुले पोहोचत आहेत, आणि खरी तक्रार तिथे आहे.

कोणत्याही स्पर्धेच्या सभागृहाबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. डाव संपतो, दोन्ही मुले बाहेर येतात, आणि हस्तांदोलन संपण्याआधी मोबाइल निघतो. चाली भरल्या जातात, कोणाचे पारडे किती जड ते दाखवणारी पडद्याच्या कडेची पट्टी वर-खाली होते, 'बाविसाव्याला ब्लंडर (घोडचूक), उणे तीन पूर्णांक दोन' असा निवाडा होतो, आणि विश्लेषण संपते. संगणकाचा आकडा बरोबरच असतो. पण मुलाने काय शिकावे? बाविसाव्या चालीला त्याने घोडा पटाच्या कडेला नेला आणि मधले घर उघडे पडले. त्याला तो कडेला न्यावासा का वाटला? कारण समोरच्या उंटाची भीती वाटली. ती भीती खरी होती का? खरी असेल तर आणखी कोणता उपाय होता, आणि खोटी असेल तर ती कोणत्या चालीपासून मनात शिरली? हे प्रश्न संगणकाला विचारता येत नाहीत, कारण मुलाच्या मनात काय होते ते त्याला माहीत नसते. ते फक्त त्या मुलाला आणि थोडेफार समोरच्याला ठाऊक असते, आणि तेही डावानंतरच्या अर्ध्या तासापुरतेच. तो अर्धा तास आपण मोबाइलच्या स्वाधीन केला आहे.

विश्लेषण म्हणजे काय असू शकते, याचा एक जुना दाखला आहे. १९६२ साली वार्नाच्या ऑलिंपियाडमध्ये तेव्हाचा सोव्हिएत जगज्जेता बोट्विनिक आणि फिशर यांचा डाव रात्रीपुरता तहकूब झाला. हत्ती आणि प्याद्यांचा शेवट, एक प्यादे फिशरकडे जास्त. सोव्हिएत संघ रात्रभर त्या स्थितीवर बसला, त्यातल्या गेलरला बचावाची एक कल्पना सुचली, आणि डाव बरोबरीत सुटला. पुढे फिशरने लिहिले की आपण जिंकू शकत होतो, आणि चालीही दिल्या. बोट्विनिकने ती स्थिती आपल्या शाळेतल्या मुलांपुढे टाकली, आणि कास्पारोव्ह नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने फिशरच्या चालींतले छिद्र दाखवले. एकाच स्थितीवर इतक्या वर्षांत तीन पिढ्यांची तीन माणसे झटली. हे शक्य झाले कारण खेळ तोच होता. एकाने सोडवलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडत होते आणि तिसऱ्याला खोडून काढता येत होते. जिथे प्रत्येक फेरीला नवी मांडणी, तिथे मुलाच्या डावाचा कागद दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्राच्या फारसा कामाला येत नाही. ९६० चे समर्थक हाच तिचा गुण मानतात. मला तो शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोटा वाटतो.

या ठिकाणी माझ्याविरुद्धचा सर्वांत अडचणीचा मुद्दा याच शहरातला आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी रूपसिंह स्टेडियमवर सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. ग्वाल्हेरचे नाव क्रिकेटच्या इतिहासात कोरले गेले ते कसोटीमुळे नव्हे, तर पावसाने वाहून गेलेल्या कसोटीची भरपाई म्हणून १९७१ साली मेलबर्नला जन्मलेल्या एका प्रकारामुळे, ज्याला त्या काळचे सोवळे रसिक क्रिकेट म्हणायलाही तयार नव्हते. नवा प्रकार हिणकस असतो असे म्हणण्याची सोय त्यामुळे आपल्याला उरत नाही. मी ती घेतही नाही. पण त्या दोनशेची किंमत कशामुळे होती? अन्वरचे १९९७ मधले १९४ आणि कोव्हेंट्रीचे २००९ मधले नाबाद १९४ त्याआधी उभे होते म्हणून. तो प्रकार एकोणचाळीस वर्षे नांदला, स्थिरावला, त्यात मोजपट्टी तयार झाली, म्हणून शेवटच्या सहा धावांना अर्थ आला. शिवाय एकदिवसीय क्रिकेट आले म्हणून कोणी कसोटी बंद केली नाही, आणि फलंदाजाने जमिनीलगत खेळायला शिकण्याची गरजही संपली नाही. नवा प्रकार जुन्याच्या शेजारी उभा राहतो तेव्हा दोघांचेही भले होते. मंडळातला ठराव मात्र 'यापुढे हीच पद्धत' असा आहे.

मग नव्या नियमांचे करायचे काय? माझ्या मते त्यांचा खरा उपयोग फार थोड्यांनी ओळखला आहे. एक नियम बदलून खेळणे म्हणजे तो नियम आजवर काय काम करत होता हे शोधणे. माजी जगज्जेता क्रामनिकने २०१९ साली किल्लेकोटाशिवाय खेळण्याची कल्पना मांडली आणि पुढे अल्फाझीरो हा स्वतःच खेळ शिकणारा संगणक-प्रोग्राम घडवणाऱ्या संशोधकांबरोबर तिच्यासह एकूण नऊ बदल तपासले. २०२१ साली डॉर्टमुंडला विश्वनाथन आनंद आणि क्रामनिक याच नियमाने खेळले आणि आनंद जिंकला. हा बदल एखाद्या शनिवारी मुलांना करू द्यावा. पाचव्या चालीला यंत्रवत किल्लेकोट करणाऱ्या मुलाला त्या दिवशी प्रथमच कळते की मधली प्यादी फुटली की राजाच्या अंगावर काय येते, आणि आपण रोज ती एक चाल कशासाठी खर्च करत होतो.

दुसरा प्रयोग आपल्याच जुन्या पद्धतीचा. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालवा. लगेच दिसते की दोन्ही फौजा एकमेकींना भिडायला वेळ लागतो, मांडणीला सवड मिळते, घाईचे हल्ले फसतात. आणि जरा विचार करणाऱ्या मुलाला आणखी एक गोष्ट दिसते: शेजारून निसटणारे प्यादे वाटेत मारण्याचा, एरवी विनाकारण घोकावा लागणारा 'एन पासाँ' हा नियम या खेळात लागतच नाही, कारण तो दोन घरांच्या उडीवरचाच उतारा आहे. हे ज्याने स्वतः शोधले त्याने बुद्धिबळाच्या नियमांचे विश्लेषण केले. त्याला तो नियम पुन्हा कोणी शिकवावा लागणार नाही.

त्याच्याही पुढे जाऊन मुलांनी स्वतःचा खेळ रचावा. मात्र रचणे सोपे नाही हे त्यांना कळू द्यावे. मारणे सक्तीचे आणि आपले सगळे मोहरे आधी गमावेल तो विजयी, असा एक उलटा खेळ जगभर खेळला जातो. वजिरासमोरचे प्यादे पहिल्याच चालीला दोन घरे टाकले की पांढरा हरतो, हे त्यात आधीपासून ठाऊक होते; २०१६ साली मार्क वॉटकिन्सने संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले की राजासमोरचे प्यादे एक घर सरकवले तर पांढऱ्याचा विजय सक्तीचा आहे. म्हणजे त्या खेळाचा निकाल लागला. खेळ रचायचा तर पहिल्या खेळणाऱ्याला किती झुकते माप मिळते, एखादा मोहरा इतका जबर तर नाही ना की बाकीचे शोभेचे ठरावेत, एखादी सक्तीची वाट पाचव्या चालीत प्यादेमात करते का, हे सारे तपासावे लागते. ही तपासणी आणि स्वतःच्या हरलेल्या डावाची तपासणी यांत काडीचाही फरक नाही. ज्याला दुसरी येत नाही त्याला पहिली येणार नाही. म्हणून क्रम तोच हवा.

व्यवहारातल्या अडचणी मला दिसतात. स्पर्धा एका दिवसाची, मुले साठ-सत्तर, सभागृह संध्याकाळच्या आरतीपर्यंतच मोकळे. त्यासाठी सातऐवजी सहा फेऱ्या घ्याव्यात आणि वाचलेला वेळ प्रत्येक डावानंतरच्या बोलण्याला द्यावा. मोबाइल दारातल्या टेबलावर राहावेत. दोघांनी मिळून डावाच्या कागदामागे तीन वाक्ये लिहावीत: डाव कोणत्या चालीला फिरला, ती चाल खेळताना खेळणाऱ्याच्या मनात काय होते, आणि आता दुसरी कोणती चाल सुचते. हे कागद वाचायला लष्कर भागातले निवृत्त बुद्धिबळवेडे आहेतच. बाड्याच्या चौकाजवळ रोज संध्याकाळी ते दुसऱ्यांच्या डावांत नाक खुपसत असतात, त्यांना हे काम हक्काने द्यावे. मुलांनी संगनमताने काहीतरी खरडले तर? खरडतीलही, पण खोटे कारण रचण्यासाठीसुद्धा डाव पुन्हा पाहावा लागतो. रेटिंगच्या, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचे अधिकृत गुण ठरवणाऱ्या, स्पर्धेत असले काही चालणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. गणेशोत्सवातल्या स्पर्धेला मात्र रेटिंग नसते, त्यामुळे तिथे कोणाची परवानगी काढावी लागत नाही. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी 'घड्याळ संपले म्हणून हरलो' एवढेच लिहिले, तरी त्या कागदांवरून पुढच्या वर्षीचे प्रश्न अधिक नेमके करता येतील.